पुन्हा पुन्हा येणारा व्हायरस : घरच्या कॉम्प्युटरची साफसफाई



कोठीतल्या गव्हाला सोंडे लागले की आपण गहू चाळतो, उन्हात घालतो आणि पुन्हा त्याच कोठीत भरतो. पंधरा दिवसांनी झाकण उघडावं तर सोंडे पुन्हा हजर! आता यात उन्हाचा काय दोष? कोठीच्या सांदीत चार किडे दडून राहिलेले असतात, आणि शेजारच्या डाळीच्या डब्याकडे तर कुणी पाहिलेलंच नसतं. कोठी, डबे, फडताळ असं सगळं एकाच दिवशी झाडून-पुसून घेतलं तरच सोंडे जातात.

कॉम्प्युटरच्या व्हायरसचं अगदी असंच आहे. "काढला तरी परत येतो हो," अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्या घरी बहुतेक वेळा एक डबा झाडायचा राहिलेला असतो. तो कोणता, हे आज बघू या.

आता तुम्ही म्हणाल, हे काम मुलांचं नाही तर यजमानांचं. पण मुलांचे दाखले, विजेची बिलं, बचत गटाचे हिशोब, लग्नामुंजीचे फोटो हे सगळं आज त्या डब्यातच असतं, आणि बिघडलं की शोधायला आपल्यालाच सांगतात. तेव्हा शिकून घेतलेलं बरं.

आमच्या चिखलीतलीच हकिगत सांगते. शेजारच्या वहिनी बचत गटाच्या सचिव आहेत. गटात बारा जणी. कुणी शेतमजुरीला जाणारी, कुणी शिवणकाम करणारी, एकीची भाजीची गाडी. तीन वर्षांचा हिशोब, म्हणजे कुणाचा हप्ता आला, कुणाचं कर्ज किती फिटलं, हे सगळं वहिनींच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर. पहिल्या दोन वर्षांची वही होती. तिसऱ्या वर्षी "आता कॉम्प्युटर आहे ना" म्हणून वही बंद झाली. बँकेत नव्या कर्जासाठी कागद द्यायचे होते, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन त्या बाजारातल्या एका दुकानात प्रिंट काढायला गेल्या. घरी येऊन पेनड्राइव्ह लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या चित्राला कोपऱ्यात छोटासा बाण! उघडायला गेल्या तर एक काळी चौकट क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालायला लागला. घरातला दुसरा पेनड्राइव्ह लावला, तर त्याचीही तीच गत.

दुपारी मी शाळेतून आले तर वहिनी दारातच. "ताई, सम्दं गेलं वं! बारा बायांचा हिशोब हाय त्याच्यात. आता कोनाला काय सांगू?"

यजमान म्हणाले, "बचत गटाचंच तर होतं, नव्यानं लिहून काढ." दुरुस्तीवाल्या मुलानं सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल, सगळं जाईल." आणि एका ओळखीच्या पोरानं तर कुणाला न विचारता दुसरा पेनड्राइव्ह फॉरमॅट करूनही टाकला.

नव्यानं लिहून काढ म्हणणं सोपं आहे. पण अमकीनं मागच्या आषाढात दोनशे रुपये दिले की नाही, हे आता आठवणीवर कसं लिहायचं? पैशाच्या जागी संशय शिरला की गट मोडायला वेळ लागत नाही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं ते त्यासाठी.

खरं म्हणजे पहिल्या पेनड्राइव्हवरच्या फाइली कुठेच गेल्या नव्हत्या. या जातीच्या व्हायरसला लोक 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. तो आपले खरे फोल्डर लपवून ठेवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे खोटे फोल्डर मांडतो. ते फोल्डर नसतातच, नुसत्या वाटा असतात, म्हणून तो बाण. आपण भोळेपणानं त्यावर टिचकी मारली की आधी व्हायरस चालू होतो, आणि मग संशय येऊ नये म्हणून कधी कधी आपला खरा फोल्डरही उघडून दाखवतो. कॉम्प्युटरमध्ये शिरला की तो स्वतःची एक प्रत अशा जागी ठेवतो, की कॉम्प्युटर सुरू होताच तोही जागा व्हावा. मग जो पेनड्राइव्ह लावाल, तो बाटलाच म्हणून समजा.

आता लक्षात आलं ना, तो पुन्हा पुन्हा का येतो? आपण पेनड्राइव्ह साफ करतो आणि लावतो त्याच रोगी कॉम्प्युटरला. किंवा कॉम्प्युटर साफ करतो आणि कपाटातला दुसरा पेनड्राइव्ह तसाच राहतो. गोचीड एका गाईच्या अंगावरचे काढायचे आणि शेजारची म्हैस तशीच सोडायची, असा प्रकार!

थोडी जुनी गोष्टही सांगते. आयबीएम पीसी जातीच्या कॉम्प्युटरवरचा पहिला व्हायरस १९८६ सालचा. नाव 'ब्रेन'. तो लिहिला लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी. त्यांनी त्यात चक्क आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून हा उद्योग केला, असं त्यांचं म्हणणं. तो फ्लॉपीवरून हातोहात पसरला. फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला, पण हातोहात जायची रीत तीच राहिली. एके काळी पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. पुढे मायक्रोसॉफ्टनं ही सोय बंद केली, २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही. तेव्हा आता आपल्याच हातून टिचकी मारून घ्यायची, हा खोट्या फोल्डरचा सापळा व्हायरसवाल्यांना सोयीचा झाला.

आणि इलाजाची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे, बरं का. कैलास काटकर हे दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरसच फार, म्हणून संजय यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आलं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात उतरली. ही जाहिरात नव्हे हं! सांगायचं इतकंच, की व्हायरस ही जादूटोण्याची गोष्ट नाही. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम आहे, तेव्हा माणसाला तो काढताही येतो.

तर आता कृती. स्वयंपाकासारखीच, क्रम चुकवू नका.

१. आधी वाटा बंद करा. इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइलची वायर काढून एका ताटलीत ठेवा. घरातले सगळे, बरं का. मुलाच्या दप्तरातला आणि यजमानांच्या गाडीत गाणी ऐकायचा तोसुद्धा! साफ होईपर्यंत ताटलीतल्या एकालाही हात लावायचा नाही.

२. बँकेचे व्यवहार थांबवा. या कॉम्प्युटरवर बँकेचं खातं उघडत असाल, तर दुसऱ्या निरोगी कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला. रोगी कॉम्प्युटरवर बदललात तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जायचा.

३. विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी करा. चिवट व्हायरसवर खरा उपाय हाच. कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू असतो तेव्हा व्हायरसही जागा असतो आणि स्वतःला पुसू देत नाही. म्हणून तो झोपेत असतानाच पकडायचा. विंडोज १० आणि ११ मध्ये याची फुकट सोय आहे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये जा, तिथे 'स्कॅन ऑप्शन्स' आणि त्यात 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. त्याआधी चालू कामं सेव्ह करा. बटण दाबलं की कॉम्प्युटर बंद होऊन सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणि मोठा कॉम्प्युटर असेल तर भारनियमनाची वेळ टाळूनच हे काम काढा. घरी दुसरं अँटिव्हायरस घातलेलं असेल, तर सुरू होताना तपासणी करायची अशी सोय त्यातही असते का ते बघा.

४. मग 'फुल स्कॅन' करा. याला दोन-तीन तासही लागतात. तेवढ्यात भाकरी थापून होतात. सापडलेल्या वस्तूंपुढे 'रिमूव्ह' म्हणायचं. हे झाल्यावर इंटरनेट जोडून विंडोज आणि अँटिव्हायरस दोन्ही अपडेट करा आणि एकदा पुन्हा तपासा. मोबाइलचं नेट वापरत असाल तर अपडेटला डेटा बराच लागतो, हे ध्यानात असू द्या.

५. सुरू होताना कोण कोण जागं होतं ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'स्टार्टअप' नावाची यादी असते. अनोळखी, वेडंवाकडं अक्षरांचं नाव दिसलं तर ते 'डिसेबल' करा. डिसेबल म्हणजे पुसणं नव्हे, नुसतं झोपवणं. चुकून कामाचं निघालं तर पुन्हा चालू करता येतं.

६. आता एकेक पेनड्राइव्ह. ताटलीतला एक उचलून लावा. बाणाच्या चित्राला स्पर्श करू नका. पेनड्राइव्हच्या नावावर उजवी टिचकी मारून अँटिव्हायरसनं तपासा. मग लपलेले फोल्डर दिसतील असं करा. 'व्ह्यू' मध्ये 'हिडन आयटम्स' वर खूण करा. तरी दिसले नाहीत तर 'ऑप्शन्स' मध्ये जाऊन 'व्ह्यू' च्या यादीतली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' समोरची खूण काढा. कॉम्प्युटर ताकीद देईल, 'येस' म्हणा. तुमचे खरे फोल्डर फिक्कट रंगात दिसायला लागतील. कधी कधी सगळं एका बिननावाच्या फिक्कट फोल्डरात कोंबलेलं असतं, तोही उघडून बघा.

७. हवं तेवढंच उचला. फोटो, पत्रं, हिशोबाचे तक्ते कॉम्प्युटरवर नव्या फोल्डरात कॉपी करा. अनोळखी प्रोग्रॅम आणि बाणवाली चित्रं उचलायची नाहीत. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. सगळे पेनड्राइव्ह झाले की काढलेली ती खूण परत लावून टाका.

बघा, फॉरमॅट करायचंच आहे, पण सर्वांत शेवटी. फॉरमॅट आधी म्हणजे तांदूळ निवडायच्या आधीच उकिरड्यावर टाकण्यासारखं!

एवढं करूनही तो परत आला, तर मात्र विंडोज नव्यानं घालणं हाच उपाय. पण तेव्हाही आपल्या फाइली आधी बाहेर काढून घ्यायच्या. दुरुस्तीला देताना कागदावर लिहून द्या : "या या फोल्डरांतलं सामान वाचवायचं आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरतं.

वहिनींच्या घरी आम्ही दोघी दोन दुपारी बसलो. ताटलीत पाच पेनड्राइव्ह आणि एक मेमरी कार्ड निघालं. पाचांपैकी तिघांत तो पाहुणा होता. तपासणीत कॉम्प्युटरमधला व्हायरसही सापडला. पहिल्या पेनड्राइव्हवर फिक्कट फोल्डर दिसले तेव्हा वहिनी काहीच बोलल्या नाहीत, नुसता पदर डोळ्याला लावला. तीन वर्षांचा हिशोब जसाच्या तसा. पण जो पेनड्राइव्ह त्या पोरानं फॉरमॅट केला होता, त्यावर त्यांच्या लेकीच्या बारशाचे फोटो होते. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवला, निम्मे मिळाले, निम्मे नाहीत. सासूबाईंच्या मांडीवर बाळ असलेला फोटो मिळाला नाही, आणि सासूबाई आता नाहीत. हे नुकसान व्हायरसनं केलेलं नाही, घाईनं केलेलं आहे. म्हणून तर क्रमावर एवढा भर देते.

आता काय करू नये, तेही ऐका.

दोन अँटिव्हायरस एकदम घालू नका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघं एकमेकांवरच लक्ष ठेवतात आणि कॉम्प्युटर अडतो.

फुकटात मिळालेलं चोरटं सॉफ्टवेअर आणि 'क्रॅक' घालू नका. ते घालताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना असते. दाराचा कुत्रा बांधून ठेवायला सांगणारा पाहुणा कसला असेल, ते तुम्हीच ओळखा.

पडदाभर लाल अक्षरांत "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं, तर फोन करायचा नाही. कुणीही खरी कंपनी असा नंबर पडद्यावर टाकत नाही. आल्ट आणि एफ-फोर दाबून ती खिडकी बंद करा. फोनवरचा माणूस गोड बोलून आपला पडदा त्याला दिसेल असा प्रोग्रॅम घालायला लावतो आणि मग बँकेपर्यंत पोचतो. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या नावानं असा धंदा करणाऱ्यांवर सीबीआयनं ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर छापे घातले होते. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवून धरायची शक्यता जास्त.

"आमच्यासारख्यांच्या घरी कोण कशाला येईल?" असं म्हणू नका. व्हायरस घर पाहून येत नाही, उघडं दार पाहून येतो. जून २०१७ मध्ये 'पेट्या' नावाच्या व्हायरसच्या जागतिक लाटेत न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत असाच प्रोग्रॅम घुसवून चोरट्यांनी ९४ कोटी ४२ लाख रुपये पळवले, त्यातले बरेच अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून! एवढ्या मोठ्या ठिकाणी होतं, तर आपण कडी लावायला नको?

दोन पत्रांना उत्तरं देऊन थांबते.

मोताळ्याच्या एका ताई विचारतात, "आमचा कॉम्प्युटर जुना, विंडोज १० चा. चालतो छान. बदलावा का?" ताई, विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. कॉम्प्युटर चालेल, पण दाराची मोडलेली कडी कुणी बसवून देणार नाही. विंडोज ११ त्यावर चालतं का ते आधी बघा. चालत नसेल तर मुलांच्या अभ्यासाला, टायपिंगला ठेवा, बँकेचे व्यवहार मात्र त्यावर नकोत.

मेहकरहून एक मैत्रीण लिहिते, "सगळ्या फोटोंच्या नावापुढे विचित्र अक्षरं आलीत आणि पैसे मागणारी चिठ्ठी आलीय." बाई, हा शॉर्टकट व्हायरस नव्हे, हा खंडणीखोर 'रॅन्समवेअर'. वरची कृती याला पुरत नाही. तपासणीनं व्हायरस जाईल, पण कुलूपबंद फाइली उघडणार नाहीत. पैसे देऊ नका, दिले तरी किल्ली मिळेल याची हमी नसते. इंटरनेट तोडा, चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, फाइली पुसू नका आणि पोलिसांत कळवा. 'नो मोअर रॅन्सम' या नावाची एक साइट युरोपच्या पोलिसांनी आणि काही कंपन्यांनी २०१६ साली सुरू केली आहे. तिथे काही जातींच्या कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. तुमच्या कुलपाची आहे का ते जाणत्या माणसाकडून बघून घ्या.

शेवटी एकच सांगणं. लोणचं आपण एकाच बरणीत सगळं भरत नाही. एक बुरशी लागली तर दुसरी असते. फाइलींचंही तसंच करा. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक अशा हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, जी महिन्यातून एकदा प्रत करायला लावायची आणि एरवी कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवलेली प्रत ही दुसरी प्रत नव्हेच. दुकानात प्रिंटला न्यायचा पेनड्राइव्ह वेगळा, आणि त्यात त्या दिवशीच्या कागदाखेरीज काही नको. परत आणला की उघडायच्या आधी तपासायचा. चप्पल जशी दाराबाहेर, तसा तो.

आणि हिशोबाची वही बंद करू नका. वहिनींच्या गटानं आता ठरवलंय, दर महिन्याच्या बैठकीत वहीत लिहायचं, बारा जणींनी सह्या-अंगठे करायचे आणि मग कॉम्प्युटरवर चढवायचं. ते चढवायचं काम गटातली भाजीच्या गाडीवाली शिकतेय. माऊस धरताना पहिल्या दिवशी तिचा हात थरथरत होता. परवा तिनंच वहिनींना विचारलं, "बाई, ह्या चित्राला बाण कामून हाय?" तो बाण खरा होता, साध्या कामाचा. पण तिनं विचारलं, हे महत्त्वाचं.

तुमच्या अडचणी कळवत राहा. पुढच्या आठवड्यात बोलू मोबाइलमधल्या भरून गेलेल्या जागेबद्दल. तोवर घरातले पेनड्राइव्ह मोजून ठेवा. वाटतात त्याहून जास्तच निघतील.